शेवंताने घेतलेला उपास

माझी जखम भरत नव्हती, एवढीच गोष्ट होती. सांगलीच्या एका इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात, खिडकीकडच्या खाटेवर मी पडून होते आणि माझ्या पोटावर बेंबीपासून खाली वीतभर लांबीची फट उघडीच्या उघडी होती. शेजारच्या बायकांचे टाके निघत होते, त्या सगळ्यांना नमस्कार करून घरी जात होत्या आणि त्यांच्या खाटांवर नव्या बायका येत होत्या. मी तिथली जुनी रहिवासी झाले होते. नळाला पाणी कधी येतं, कोणत्या सिस्टरचा हात हलका, हे नव्या पेशंटला मीच सांगायची. देव आहे की नाही, असला मोठा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. तो आहे, पण त्याचं माझ्याकडे लक्ष नाही, असं वाटत होतं. आणि ते जास्त वाईट होतं.

मी पहिल्यापासून अंगाने भक्कम. साताऱ्याला शाळेत होते तेव्हा खो-खोत मला फक्त खांबाशेजारी बसवत, कारण मला उठवून पळायला लावण्यात कुणाचाच फायदा नव्हता. लग्न होऊन सांगलीत विश्रामबागेला आले, तर इथले टांगेवाले मला पुढे बसवावं की मागे याचा विचार करत; मी मागे बसले की घोडा वर उचलला जाईल अशी त्यांना काळजी. चेष्टेचं मला कधी फार वाटलं नाही. चेष्टा करणाऱ्यापेक्षा आपण आधी हसलो की तो गप्प बसतो, हे मी लहानपणीच शिकले होते. पण अंगापायी आपल्या जिवावर बेतेल, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

बेंबीशी लिंबाएवढी गाठ येऊन बरीच वर्षं झाली होती. आडवं झालं की ती आत जायची, म्हणून मी तिच्याकडे दुर्लक्ष करत आले. त्या वर्षी नवरात्राच्या आधी गल्लीतल्या आम्ही बायका नेहमीप्रमाणे गोधड्या धुवायला कृष्णेवर गेलो होतो. भिजलेली गोधडी किती जड होते, हे ज्याने ती पिळली आहे त्यालाच माहीत. मी आणि माझी शेजारीण दोन टोकांना धरून पीळ घालत होतो आणि त्याच पिळात माझ्या पोटात काहीतरी अडकलं. गाठ आत जाईना. उलट्या सुरू झाल्या. मला टांग्यात आडवं घालून इस्पितळात आणलं आणि त्याच दुपारी पोट उघडलं. गाठीत आतडं अडकलं होतं. आणखी उशीर झाला असता तर ते काळं पडलं असतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

ऑपरेशन चांगलं झालं. पण पुढे टाक्यांच्या कडेने लालसर पाणी झिरपायला लागलं आणि एके सकाळी खोकला आला तेव्हा वरचे टाके सुटले. डॉक्टर तरुण होते, कमी बोलायचे, पण जे बोलायचे ते खाटेच्या कडेला बसून, मला कळेल असं. त्यांनी सांगितलं की चरबीच्या थराला रक्त कमी मिळतं, तिथे पाणी साठतं, टाके धरत नाहीत. स्थूल माणसांच्या बाबतीत हे बरेचदा होतं. आता पुन्हा शिवायचं नाही. जखम उघडीच ठेवायची, रोज धुवायची, आत औषधात भिजवलेली पट्टी भरायची आणि तळापासून नवं मांस वर येण्याची वाट बघायची. त्या औषधाला चुन्याच्या निवळीसारखा वास यायचा. पोटाभोवती रुंद पट्टा आवळलेला असायचा. खोकताना, शिंकताना, हसताना पोटावर उशी दाबून धरायची, असं सिस्टरने मला शिकवलं. उशी नसेल तर दोन्ही हात. हात पोटावर नेल्याशिवाय मी हसायची सोय राहिली नाही. तशी हसण्याची वेळही फार येत नव्हती.

"चाला, आणि भरपूर जेवा," डॉक्टर रोज म्हणायचे. "डाळ, दूध, अंडं चालत असेल तर अंडं. नवं मांस धरायला अंगाला माल लागतो. आणि आत्ता बारीक होऊ नका." मला वाटलं ते गंमत करताहेत. आयुष्यात मला बारीक होऊ नका म्हणणारा तो पहिला माणूस होता.

आता माझी बाजू सांगते. टाके सुटले त्या दिवशी घटस्थापना होती. माझ्या माहेरची देवी साताऱ्याजवळ एका टेकडीवर आहे. आम्ही तिला नुसतं आई म्हणतो. दर नवरात्रात माहेरी जाऊन तिची ओटी भरायची आणि वर्षभर मंगळवार धरायचे, हे मी परकर नेसत होते तेव्हापासून चालत आलेलं. त्या वर्षी मी खाटेवर. मी डोळे मिटून तिला म्हटलं, आई, माझी जखम भरू दे. मी माझ्या पायाने टेकडी चढून तुझी ओटी भरेन, आणि तोवर अन्नाचा कण तोंडात घालणार नाही. नवस बोलून दाखवायचा नसतो, असं आमच्याकडे मानतात. बोलला की तो फळत नाही. म्हणून मी तो कुणालाच सांगितला नाही. डॉक्टरांना नाही आणि घरीही नाही.

मला मनातून असंही वाटत होतं की एवढ्या मोठ्या अंगाला उपासाने काय होणार आहे? कोठार भरलेलं आहे, महिना-दोन महिने सहज निघतील. इतर कुणालाही विचारलं असतं तरी तो हेच म्हणाला असता. घरी माझी नणंद येऊन राहिली होती. ती स्वयंपाक करायची आणि हे ऑफिसला जाण्याआधी सायकलवरून डबा आणून द्यायचे. यांची नोकरी सांगलीतल्याच एका कॉलेजच्या कचेरीत होती. संध्याकाळी रिकामा डबा हातात घेऊन हे खूश व्हायचे. डबा रिकामा व्हायचा, पण तो शेवंता खायची.

शेवंता माझ्या शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून. म्हातारीचं मांडीचं हाड मोडलं होतं आणि तिच्या पायाला दोरीने वजनं टांगून ठेवली होती. शेवंताचा नवरा फौजेत, दूर कुठेतरी सरहद्दीवर. त्यामुळे मळा, उसाची लागण आणि मोडलेली सासू हे सगळं तिच्याच अंगावर. तिशीची असेल, उन्हाने रापलेली, काटक. खाटेखाली चटईवर निजायची आणि सगळ्या वॉर्डाशी भांडणं-गप्पा सारख्याच उत्साहाने करायची. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, मला भूक नाही, माझा डबा खाऊन टाक, घरी परत पाठवला तर यांना वाईट वाटेल. ती म्हणाली, "बरं झालं आक्का, न्हाईतर मला रोज चुरमुऱ्यावर दिस काढायचं हुतं." मी केळी खायची, मोसंबी खायची, दूध आणि चहा प्यायची. देवीशी माझा व्यवहार नीट चालला होता. आणि जखम होती तिथेच होती.

डॉक्टर कोड्यात पडले. लघवीत साखर आहे का ते त्यांनी पुन:पुन्हा पाहिलं. नव्हती. जखमेत पू नव्हता. पण तळ फिकट, पांढुरका राहायचा. नवं मांस धरतच नव्हतं. "जेवताय ना?" ते विचारायचे. "हो," मी म्हणायची. चेहरा सुकला होता, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या होत्या. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, दुखण्यात दुखणं, पण अंग उतरलं हे बरं झालं हो! माझी नणंदही तेच म्हणाली. मलाही ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

मग एका सकाळी डॉक्टर जखम धुऊन झाल्यावर उठले नाहीत. हे तिथेच उभे होते. डॉक्टर दोघांकडे बघून म्हणाले, "आतला पडदा अजून धरून आहे. तो सुटला तर आतडी बाहेर येतील आणि मला पुन्हा पोट उघडावं लागेल. या तब्येतीत त्या दुसऱ्या ऑपरेशनमधून बाई उठतील, असं मी तुम्हाला खात्रीने सांगू शकत नाही." हे खिशातून रुमाल काढून सायकलची किल्ली पुसत राहिले. मला त्या क्षणी फार भीती वाटली. मरणाची वाटली आणि यांच्या एकटेपणाचीही.

अशा वेळी शहाण्या माणसाने काय केलं असतं? मी काय केलं ते सांगते. मला वाटलं, आपलाच उपास कमी पडतोय. दूध पितो म्हणून देवी मानत नसेल. मी दूधही सोडलं.

त्यानंतर दोन-चार दिवसांत भर दुपारी नळाकडे जाताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी पडले असते तर त्या दिवशीच सगळा निकाल लागला असता. शेवंताने मला मागून दोन्ही हातांनी आवळलं, भिंतीला टेकवलं आणि हळूहळू खाटेवर आणून बसवलं. माझ्या निम्म्या वजनाची बाई, पण तिने मला सोडलं नाही. मग ती माझ्यासमोर चटईवर फतकल घालून बसली.

"आक्का, तुमचा डबा मी खाते. लय दिस झालं. आता त्यो मला ग्वाड लागंना झालाय. तुमी का न्हाई खात?"

"भूक नाही ग."

"भूक नसल्याली बाई दुसऱ्याच्या घासाकडं अशी बगत न्हाई. मी रोज बगते तुमाला. खरं सांगा."

मी रडायला लागले. पोटावर उशी धरून रडले, कारण हुंदक्यानेही ताण बसतो. आणि आजवर कुणालाही न सांगितलेला नवस मी एका परक्या बाईला सांगितला. सांगून झाल्यावर मला वाटलं, संपलं, आता तोही फुकट गेला. सासूने झोपेतच शेवंताला हाक मारली, तिकडे तिने लक्ष दिलं नाही.

"म्हंजे जखम भरस्तोवर जेवायचं न्हाई," ती शेवटी म्हणाली, "आन जेवल्याबिगार जखम भरायची न्हाई. आवं, ह्यातनं तुमी सुटनार कवा?"

इतके दिवस मी त्या गोष्टीकडे असं पाहिलंच नव्हतं.

"आमच्यात एक रीत हाय," ती म्हणाली. "आजारी मानसाचा उपास घरातल्या दुसऱ्यानं आंगावर घ्याचा. माज्या लेकाला गोवर आला तवा त्येचा शनवार माज्या आत्याबाईनं धरला हुता. तुमचा उपास मी घेते. तुमी जेवा."

मी नको नको म्हणत राहिले. ती ऐकणारी नव्हती. तिने हातपाय धुतले, आपल्या कपाळाचं कुंकू बोटाने माझ्या कपाळाला टेकवलं, तांब्यातलं पाणी माझ्या ओंजळीत ओतलं आणि आपली ओंजळ माझ्या ओंजळीखाली धरली. "तुमच्या आईचं नाव घ्या आन सोडा पानी." मी डोळे मिटून आईचं नाव घेतलं आणि पाणी तिच्या ओंजळीत सोडलं. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली आणि तिने ते पाणी पिऊन टाकलं. "झालं. आता तुमी तितं जाऊन ओटी भरस्तोवर मी अन्नाला शिवनार न्हाई. तवा लवकर बरं व्हा. घरी ऊस उबा हाय माजा."

मग तिने माझा डबा उघडला आणि माझ्यासमोर ठेवला. वरण-भात होता, गार झालेला, वर लिंबाची फोड. पहिला घास घेतला आणि तो गिळवेना. भूक होती, पण घास शेवंताच्या तोंडातला आहे असं वाटत होतं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. "खावा. तुमी टाकलं तर माजा उपास वाया." मी खाल्लं. डबा घासूनपुसून संपवला.

माणूस स्वतःसाठी जे करत नाही, ते दुसऱ्याच्या डोक्यावर ओझं ठेवलं की मुकाट करतो. शेवंता उपाशी आहे, ही एकच गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. मी जितकी लवकर बरी होईन तितकी ती लवकर जेवेल. मंगळवार तेवढे दूध-फळांवर काढून बाकी दिवस डाळ, दूध, दही, समोर येईल ते मी खात गेले. अंडं मी जन्मात खाल्लं नव्हतं. आमच्या घरात ते शिजवणंही शक्य नव्हतं. इस्पितळातून उकडलेलं अंडं मिळायचं, ते मी पाण्याबरोबर गिळायची आणि शेवंता तोंडाला पदर लावून हसायची. शेवंता माझ्या डब्यातला एक घासही घेईना. दुपारी ती "जरा झाडाखाली बसून येते" म्हणून बाहेर जायची. मला वाटायचं, जेवणाचा वास सहन होत नसेल म्हणून जात असेल. मला फार लाज वाटायची.

एके दिवशी ड्रेसिंग करताना डॉक्टर थांबले आणि सिस्टरला म्हणाले, "दिवा जरा इकडे घ्या." मग मला म्हणाले, "रंग बदलला." जखमेचा तळ लाल झाला होता. बारीक बारीक लाल दाण्यांसारखं नवं मांस धरू लागलं होतं. पुढे रोज फट थोडी उथळ होत गेली, कडा जवळ येत गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "काय वेगळं केलंत?" मी म्हटलं, "जेवते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बांगड्यांकडे पाहिलं आणि "असं होय," एवढंच म्हणाले. त्यांना काय कळलं आणि काय नाही, मला माहीत नाही. ते रागावले नाहीत, याचं मला आजही बरं वाटतं. त्यांच्या हातांमुळे मी जिवंत आहे, हे मी कधी विसरले नाही.

शेवंताची सासू माझ्याआधी घरी गेली. पाय प्लास्टरमध्ये घालून तिला उसाच्या एका रिकाम्या ट्रकमध्ये गादी टाकून नेली. सगळी इतकी गडबड की शेवंताला दोन शब्द बोलायलाही मिळालं नाही. मी खिडकीतून ओरडले, "तुला कळवू कसं?" ती ट्रकमध्ये चढता चढता म्हणाली, "आष्ट्याला या! कुनालाबी इचारा!" ट्रक गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तिचं आडनावही मला माहीत नाही. माझा उपास घेऊन ती गेली होती.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की काही महिने जिने चढायचे नाहीत, ओझं उचलायचं नाही. मी म्हटलं, मला एक टेकडी चढायची आहे. ते म्हणाले, पट्टा घट्ट बांधा, दर वळणावर बसा, आणि घाई करू नका. घाई तर मला होतीच. प्रत्येक दिवशी मी पानावर बसले की शेवंता समोर यायची. यांना मी तोवर सगळं सांगून टाकलं होतं. यांनी रजा काढली आणि आम्ही एस.टी.ने साताऱ्याला माझ्या भावाकडे गेलो. भाऊ म्हणाला, "उद्या मंगळवार आहे, देवीचा वार. उद्याच जा की." मी म्हटलं, नको, आजच. माझ्यासाठी एक बाई उपाशी आहे.

टेकडी मी चढले. दर वळणावर बसले. वर पोचले तेव्हा साडी घामाने भिजली होती आणि हात पोटावरच होते. खण-नारळाने आईची ओटी भरली. मी इतके दिवस त्या क्षणाची वाट पाहत होते. मला वाटलं होतं, अंगावर शहारा येईल, डोळ्यांतून पाणी येईल. तसं काही झालं नाही. आई नेहमीसारखीच होती, शेंदराने माखलेली, मोठ्या डोळ्यांची. मी तिच्यासमोर बसले आणि मनात एकच विचार आला की आता आष्ट्याची गाडी कधी आहे. खरं सांगते, मला स्वतःचीच गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्रसादाचा नारळ घेऊन निघालो. कराडच्या स्टँडवर यांनी भजी आणली. मी म्हटलं, आज माझा मंगळवार. यांनी एकट्यानेच खाल्ली. आष्ट्याला उतरून विचारायला सुरुवात केली तर फौजेत नवरा असलेल्या शेवंता तिथे घरोघर. एका गुऱ्हाळावर गुळाच्या ढेपा बांधणाऱ्या माणसाला हे म्हणाले, "तिची सासू सांगलीला होती, पायाला वजनं टांगलेली." तो लगेच हसला. "व्हय व्हय, ती म्हातारी व्हय! सगळ्या गावाला सांगत्या, मला सांगलीत उलटी टांगली म्हनून. त्या वढ्याच्या पल्याड जावा."

मळ्यातलं घर होतं, पुढे अंगण. म्हातारी उन्हात बसली होती, काठी मांडीवर. आणि तिच्या शेजारी पाय पसरून शेवंता बसली होती. हातात भाकरी, भाकरीवर मिरचीचा खर्डा, आणि तोंडात भलामोठा घास.

मी अंगणातच उभी राहिले. हातातला नारळ तसाच.

"या, आक्का!" ती घास गिळून उठली. "आवं दाजी, या. जखम भरली न्हवं?"

"शेवंता, तू जेवतेस?"

"मग काय उपाशी मरू?"

मला आधी राग आला. मी टेकडी चढले होते, रोज पानावर बसून तिच्या भुकेने कासावीस झाले होते. शेवंता माझा चेहरा पाहून ओळखून गेली.

"आक्का, मी उपास धरलाच न्हाई. तुमच्यापुढं खाल्लं न्हाई, येवढंच. सांगलीतल्या माज्या मामाला सांगावा धाडला, त्यो रोज दुपारी भाकरी घिऊन यायचा आन मी झाडाखाली बसून खायाची. तुमी उपास मोडला नसता. तुमी लय हट्टी. म्हनून असं केलं."

"पण पाणी सोडलं होतं आपण. आईच्या नावाने."

"सोडलं की. तवाच मी तुमच्या आईला म्हनलं, आई, तुजी ही लेक खुळी हाय. तिला जेवाया घालायचं म्हनून मी खोटं बोलत्या. राग आला तर माज्यावर काढ, तिच्यावर नगं." ती माझ्या पोटाकडे बघून हसली. "काडला का राग? न्हाई न्हवं? मग बसा जेवाया."

म्हातारी मध्येच म्हणाली, "मला उलटी टांगली हुती," आणि मी हसायला लागले. पुष्कळ महिन्यांत अशी हसले नव्हते. डोळ्यांतून पाणी वाहिलं, टेकडीवर आलं नव्हतं ते सगळं. हसणं ओसरल्यावर मी पाहिलं की माझ्या दोन्ही हातांत नारळ होता. पोटावर हात न्यायचं मी विसरले होते, आणि पोटाला काही झालं नव्हतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कुणी मला विचारतं, हा देवीचा अनुभव म्हणायचा की शेवंताचा? मी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं की आईला काय द्यायचं, कधी द्यायचं, किती कडक द्यायचं, हे सगळं मीच ठरवत बसले होते आणि तिला बोलायला जागाच ठेवली नव्हती. तिने मग शेजारच्या खाटेखाली निजणारी बाई बोलावली. त्या बाईने आईला मनातल्या मनात खरं सांगितलं, माझ्याशी खोटं बोलली आणि मला जेवायला घातलं. त्या दोघींचे माझ्यावर उपकार आहेत आणि डॉक्टरांचेही. कुणाचे जास्त, याचा हिशेब मला येत नाही आणि तो करावा असंही वाटत नाही.

त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. शेवंताने आम्हाला पाटावर बसवलं, मला अर्धी भाकरी वाढली, वर खर्डा आणि दह्याची कवडी. मी जेवले. हात धुवायला उठले तेव्हा यांच्याकडे लक्ष गेलं. हे माझ्याकडे पाहत होते. मग मला आठवलं की आज मंगळवार. परकर नेसत होते तेव्हापासून न मोडलेला माझा मंगळवार. मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. शेवंता चुलीपाशी होती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने तव्यावरची दुसरी भाकरी काढली, निम्मी केली आणि हाक मारली, "आक्का, गरम हाय, आनखी अर्धी घ्या."

मी तांब्या खाली ठेवला, परत पाटावर येऊन बसले आणि तीही खाल्ली.